साठ दिवसांची मुभा

पेढीस वारस हवा म्हणून दत्तक घेण्याची रीत व्यापारी घराण्यांना नवी नाही. मूल देण्याविषयी मात्र कोणी बोलत नाही. अनपेक्षित गर्भधारणा झाली की कुजबुज सुरू होते. ओळखीच्या दाईमार्फत बाळ परस्पर ‘देऊन टाकण्याचे’ घाटते. त्यात पैसा फिरला, तर बाल न्याय अधिनियम, २०१५ अन्वये तो गुन्हा ठरतो.

कायद्याचा मार्ग खुला आहे. भिवंडीजवळच्या अंजूरमधील मातेस ठाणे जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडे जाता येते. समिती आधी चौकशी व समुपदेशन करते. तरीही निश्चय ढळला नाही, तर समर्पणपत्र होते. विवाहित दांपत्यास दोघांची सही लागते, अविवाहित मातेची एकटीची पुरते. त्यानंतर साठ दिवस निर्णय फिरवता येतो. कायद्यातील सर्वांत दयाळू तरतूद हीच! मातेची ओळखही गुप्त राखली जाते.

महाराष्ट्रास हे करुणाकार्य जुने आहे. १८६३ मध्ये फुले दांपत्याने पुण्यात अशाच संकटातील विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि १८७४ मध्ये एका विधवेचा पुत्र यशवंत यास दत्तक घेतले.

समितीचा पत्ता ठाऊक नसल्यास १०९८ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते.