कोटीला माणूस हवा

मराठी विनोदाचा इतिहास सांगताना आपण बहुधा श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांपासून सुरुवात करतो. छापील विनोदापुरते ते ठीक आहे. पण सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडातली सून सासरच्या एकेका माणसाला दूर कर म्हणून देवीला साकडे घालते, तेव्हा ऐकणारे हसतात आणि हसता हसता त्यातला वैराग्याचा अर्थही घेतात. तमाशातल्या बतावणीतही सरदार सरळ प्रश्न विचारतो आणि सोंगाड्या त्यातल्या शब्दाचा भलताच अर्थ धरतो. मराठीत अशा शब्दांना तोटा नाही. एकट्या ‘वर’मध्ये नवरामुलगा, वरदान आणि दिशा असे तीन अर्थ नांदतात.

कोल्हटकरांनी ही शब्दकळा निबंधात आणली. ‘सुदाम्याचे पोहे’मधले सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या रूढींची टर उडवतात ती कोट्यांवर कोट्या रचून. त्यांतल्या बऱ्याच कोट्या आज दमवतात, हे मान्य करायला हवे. त्या लेखकाच्या बुद्धीतून येतात; बंडूनानाची कोटी पांडूतात्याच्या तोंडी घातली तरी फारसे बिघडत नाही.

त्यांना गुरू मानणाऱ्या राम गणेश गडकऱ्यांनी हे बदलले. ‘बाळकराम’ या नावाने लिहिताना त्यांचीही कोट्यांची हौस सुटत नाही, पण ‘एकच प्याला’तला तळीराम पाहा. दारूच्या समर्थनासाठी तो जे तर्क लढवतो, ते त्याच्यावाचून दुसऱ्या कुणाच्या तोंडी शोभणार नाहीत. ‘आर्यमदिरामंडळ’ या नावातच त्या काळच्या सभा-मंडळांची नक्कल आहे. प्रेक्षक तळीरामाला हसतात आणि त्याच नाटकात सिंधूचा संसार डोळ्यांदेखत उद्ध्वस्त होतो. मराठी रंगभूमीवर शब्दाचा खेळ इतक्या भीषण जागी क्वचितच नेला गेला असेल. गडकरी 1919 साली, चौतिशीही न गाठता गेले.

चिं. वि. जोशांनी कोटीची कास जवळपास सोडली. चिमणरावाची फजिती साध्या, घरगुती भाषेत घडते आणि म्हणूनच ती जुनी होत नाही. अत्र्यांनी 1925 साली ‘झेंडूची फुले’मधून कवींच्या लकबीच उचलल्या. ज्याला मूळ कवितेचा नाद ओळखीचा, त्यालाच त्या विडंबनाची पुरती गोडी.

पु. ल. देशपांड्यांकडे या सगळ्या वाटा एकत्र येतात. ‘व्यक्ती आणि वल्ली’तला सखाराम गटणे छापील मराठी बोलतो. त्याचे एकही वाक्य चुकीचे नसते. हसू येते ते त्या अचूकपणाचेच, आणि त्या मुलावर जीवही जडतो. रत्नागिरीचा अंतू बर्वा तिरकस बोलतो, पण त्या तिरकसपणाखाली दारिद्र्य आणि एकटेपण आहे. त्याचे वाक्य प्रमाण मराठीत घातले तर विनोद जाईल आणि दुःखही जाईल. मिरासदार आणि शंकर पाटलांच्या गावरान कथांचेही तेच. त्यांचे कथाकथन ऐकलेल्यांना ठाऊक आहे, की अर्धा विनोद वाक्यानंतरच्या थांब्यात असे.

वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडके ताज्या घडामोडींवरचे संवाद प्रयोगातच जोडत. संहितेच्या पुस्तकात ते कसे सापडणार? सोंगाड्यांच्या बतावण्यांचा मोठा भाग असाच तोंडी राहिला आहे. फडावरचे जुने कलावंत हयात आहेत तोवर त्या त्यांच्याच आवाजात, त्यांच्या थांब्यांसकट ध्वनिमुद्रित व्हायला हव्यात.