वापिटीची शिकार : नवशिक्याचा हिशेब

अमेरिकेंतील लोक ज्या हरणाला 'एल्क' म्हणतात, त्याचें हें नांव मुळांत चुकीचें आहे. युरोपांत एल्क म्हणजे मूस. अमेरिकेंत गेलेल्या इंग्रजांनीं तें नांव भलत्याच जनावरास दिलें. तेथील शॉनी लोकांचा शब्द 'वापिटी', म्हणजे पांढऱ्या पुठ्ठ्याचा. आपल्या सांबराहून हा मोठा. पूर्ण वाढलेला नर सुमारें ७०० पौंड भरतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा शौक संपला. परंतु कॉलोरॅडोसारख्या राज्यांत परवाना काढून ठरलेल्या हंगामांत सरकारी रानांत त्याची शिकार करतां येते.

मोटारीचा रस्ता सोडून डोंगरांत खोल जाऊं पाहणारा नवशिका प्रथम विचारतो, जनावर सांपडेल कोठें? मला वाटतें, त्याच्या आधीं दुसरें विचारावें : मारलेलें जनावर खालीं कसें आणावयाचें? हाडें काढून टाकलीं तरी मांस दोनशें पौंडांच्या आसपास उरतें. एकट्या माणसानें पन्नास पौंडांची खेप धरली, तर चार खेपा झाल्या. जागा रस्त्यापासून पांच मैल असेल, तर ओझ्यासह चार वेळां उतरणें व रिकाम्या हातीं तीन वेळां चढणें मिळून पस्तीस मैलांची चाल होते. आणि तीहि बहुधा नऊ-दहा हजार फूट उंचीवर, जेथें मैदानांतून आलेल्यास नुसतें चालतांनाच धाप लागते. इकडे मांस थांबत नाहीं. जाड कातड्याखालीं ऊब कोंडते व मांडीच्या हाडाजवळ तें प्रथम आंबूं लागतें. म्हणून ताबडतोब कातडें सोलून, तुकडे करून तें सावलींत वाऱ्यावर टांगावें लागतें. खाण्याजोगें मांस रानांत टाकून येणें हा तेथें गुन्हा आहे.

तेव्हां एकट्यानें जाणाऱ्यानें दीड-दोन मैलांची मर्यादा नकाशावर आंखावी व टेहळणी तिच्या आंतच करावी. समोच्च रेषा जेथें विरळ होतात, तेथें उतारावर पायरीसारखी सपाटी असते. उत्तरेकडील उतारावर, दाट झाडींतील अशी सपाटी वापिटीला दिवसा बसावयास आवडते. जवळ पाणी व गवताचें कुरण हवें, कारण पहाटे व तिन्हीसांजेला तो चरावयास बाहेर पडतो. ऑगस्टमध्यें प्रत्यक्ष जाऊन ताज्या लेंड्या, शिंगांनीं सोललेलीं झाडें, लोळण्याचीं चिखलाचीं डबकीं यांचा शोध घ्यावा. वाराहि तेव्हांच ओळखून ठेवावा. पहाटे थंड हवा दरींत उतरते, ऊन तापलें कीं वर चढते. म्हणून पहाटे जनावराच्या खालच्या बाजूनें व दुपारीं वरच्या बाजूनें जवळ जावें. माणसाचा वास नाकांत शिरला कीं तो क्षणभरहि थांबत नाहीं.

मात्र ऑगस्टांतील जागेवर फार विसंबूं नये. सप्टेंबरांत माजावर आलेले नर माद्यांच्या मागें जातात, आणि पुढें बंदुकीचे पहिले आवाज झाले कीं कळप अवघड, दाट रानांत सरकतात. यास्तव त्याच मर्यादेंत दुसरी व तिसरी जागा हेरून ठेवावी. आणि सांज होतांना मोठा नर मर्यादेपलीकडील दरींत दिसला, तर दुर्बिणींतून मनसोक्त पाहावा; बंदूक खांद्यावरच राहूं द्यावी.