वॉटर पार्कची कौटुंबिक सहल : रस्ता, राइड आणि पाणी यांच्या सुरक्षिततेचा विचार

नवी दिल्ली : उन्हाळ्याची सुट्टी लागली की मोटारीने एका दिवसात जाऊन येता येईल अशा मनोरंजन उद्यानांकडे कुटुंबांचा ओढा वाढतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतच्या खालापूर परिसरापासून कोची, बंगळुरू, हैदराबाद आणि भुवनेश्वरपर्यंत देशाच्या अनेक भागांत आता अशी मोठी उद्याने आहेत. दिल्लीतील 'अप्पू घर' १९८४ मध्ये सुरू झाले तेव्हा अशा ठिकाणांची देशाला फारशी ओळख नव्हती. १९८९ मध्ये मुंबईजवळ गोराई येथे 'एस्सेलवर्ल्ड' आणि १९९८ मध्ये त्याच्याच शेजारी 'वॉटर किंगडम' सुरू झाले. पुढच्या काळात वॉटर पार्क हा मध्यमवर्गीय सुट्टीचा नेहमीचा भाग झाला.

अशा सहलीत पालकांच्या मनात धाक असतो तो उंच घसरगुंडीचा किंवा उलटसुलट फिरणाऱ्या पाळण्याचा. परंतु दिवसभरातील खरे धोके अनेकदा साध्या जागी असतात : मोटारीच्या मागच्या आसनावर, गुडघाभर पाण्यात आणि संध्याकाळी परतीच्या वाटेवर. यांतील बहुतेक धोके टाळणे कुटुंबाच्याच हाती असते.

मागच्या आसनावरचा पट्टा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांनी प्राण गमावले. सीट बेल्ट न लावल्यामुळे दगावलेल्यांची संख्या १६ हजार ७१५ होती. त्यांपैकी निम्म्याच्या आसपास व्यक्ती चालक नसून प्रवासी होत्या.

मागे बसणाऱ्यांना पट्ट्याची गरज नसते, हा समज आजही घट्ट आहे. उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात मृत्यू झाला तेव्हा ते मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. त्यानंतर या विषयाची देशभर चर्चा झाली; कायदा मात्र त्यापूर्वीच स्पष्ट होता. २०१९ मध्ये दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार चालकाने किंवा प्रवाशांनी पट्टा न लावल्यास १ हजार रुपये दंड आहे. १४ वर्षांखालील मुलाला पट्ट्याने अथवा बालआसनाने सुरक्षित न बसविल्यासही तेवढाच दंड होतो.

लहान मूल मांडीवर घेणे हा त्याला पर्याय ठरत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कशावर आदळून क्षणार्धात थांबली, तर १० किलो वजनाच्या बाळाचा जोर त्या क्षणी दोन-अडीचशे किलोंच्या ओझ्याइतका होतो. एवढे ओझे कोणत्याही आईवडिलांच्या हातांना धरून ठेवता येत नाही. सहलीला आणखी दोन मुले बरोबर घेऊन त्यांना सामानाच्या जागेत बसविण्याचा प्रघातही त्याच कारणाने घातक आहे. त्या जागेत पट्टाही नसतो आणि धडक सोसण्याची रचनाही नसते.

निघण्यापूर्वी टायर थंड असताना हवा तपासणे महत्त्वाचे आहे. हवा कमी असलेला टायर अधिक दबतो, जास्त तापतो आणि उन्हाळ्यात भरधाव जाताना फुटण्याचा संभव वाढतो. भरलेल्या गाडीसाठी हवेचा दाब किती असावा, ते बहुतेक मोटारींत चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. पथकराचा हिशेबही आधीच करून ठेवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये ३ हजार रुपये शुल्काने सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. राज्याच्या अखत्यारीतील मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर तो चालत नाही.

राइडची तपासणी कोण करते?

'क्रीडा, मनोरंजन व करमणूक' हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत येतो. त्यामुळे परवानगी, तपासणी आणि देखरेख यांची पद्धत राज्यागणिक बदलते. भारतीय मानक ब्यूरोने राइडच्या सुरक्षिततेसाठी मानके तयार केलेली आहेत. त्यांचे पालन प्रत्यक्षात किती काटेकोरपणे होते, हे राज्याचे नियम आणि स्थानिक यंत्रणेची दक्षता यांवर अवलंबून राहते.

या दक्षतेतील त्रुटींची किंमत गुजरातने मोजली आहे. २०१९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या कांकरिया परिसरात झुलती राइड तुटून दोघांचा मृत्यू झाला. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नौका उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षक बुडाले. त्याच वर्षी २५ मे रोजी राजकोटमधील खेळघराला लागलेल्या आगीत २७ जणांनी जीव गमावला. तेथे अग्निशमन विभागाचे ना-हरकत प्रमाणपत्र नसल्याचे उघड झाले. त्यानंतर राज्याने राइड आणि गेमिंग झोन यांच्या सुरक्षिततेसाठी नवी नियमावली आणली.

सामान्य पर्यटकाला यंत्र तपासता येत नाही. काही खुणा मात्र पाहता येतात. प्रत्येक राइडपाशी उंची आणि वजनाची मर्यादा लावलेली आहे का, कर्मचारी प्रत्येकाचा अडसर हाताने ओढून पाहतो का, घसरगुंडीवर पुढची व्यक्ती बाहेर पडल्याखेरीज मागच्याला सोडले जात नाही ना, बाहेर पडण्याचे मार्ग मोकळे आहेत का, या चार गोष्टी तेथील शिस्तीची कल्पना देतात.

उंचीची अट वयावरून नव्हे, तर शरीराच्या मापावरून ठरते. आसनावरचा अडसर ठरावीक बांध्याच्या व्यक्तीला धरून ठेवण्यासाठी बनविलेला असतो. मूल त्याहून लहान असेल तर ते खालून निसटू शकते. पाण्याच्या घसरगुंडीवर फार हलके मूल मध्येच थांबण्याची आणि मागून येणारा त्याच्यावर आदळण्याची शक्यता असते. म्हणून मुलाला टाचा उंच करायला सांगून किंवा कर्मचाऱ्याची मनधरणी करून ही अट ओलांडण्यात शहाणपण नाही. हात छातीवर आणि पाय घोट्यांशी जुळवून उताणे झोपण्याची सूचनाही अशीच सकारण असते. मान व पाठ सरळ राहते आणि हातपाय कडेला घासत अथवा अडकत नाहीत.

सुती कपड्यांना मनाई करून नायलॉनचा पोशाख सक्तीचा करण्यामागे केवळ भाड्याची कमाई आहे, अशी तक्रार अनेकदा ऐकू येते. परंतु सुती कापड पाणी शोषून जड होते, घसरणीला अडथळा करते आणि त्याचे तंतू पाणी शुद्ध करणाऱ्या गाळणीत अडकतात. धातूची बटणे व साखळ्या घसरगुंडीच्या पृष्ठभागावर ओरखडे पाडतात. नियमात बसणारा पोशाख घरून नेल्यास खर्च वाचू शकतो.

बुडणारे मूल ओरडत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. बुडणारी व्यक्ती हात हलवून हाका मारते, हे चित्र चित्रपटांनी रूढ केले आहे. प्रत्यक्षात श्वासासाठी धडपडणाऱ्या मुलाला ओरडण्याइतकी हवाच मिळत नाही. तोंड पाण्याच्या पातळीवर वरखाली होते, हात पाणी खाली दाबत राहतात आणि अनेकदा मिनिटाच्या आत मूल दिसेनासे होते. लाटांच्या तलावात गर्दी आणि तरंगत्या ट्यूबमुळे ते शेजारच्याच्याही ध्यानात येत नाही.

यावरचा उपाय साधा आहे. घरातील एका मोठ्या माणसाने ठरावीक वेळ केवळ मुलांवर लक्ष ठेवावे, त्या वेळात भ्रमणध्वनी बाजूला ठेवावा आणि नंतर दुसऱ्याकडे स्पष्ट शब्दांत जबाबदारी सोपवावी. दहा मोठी माणसे काठावर असली की प्रत्येकाला दुसरा कोणी पाहत आहे असे वाटते आणि नेमका तेथेच घात होतो. पोहता न येणाऱ्या लहान मुलापासून हातभर अंतरावर राहावे. हवेने फुगविलेल्या दंडपट्ट्या म्हणजे जीवरक्षक जॅकेट नव्हे. पाण्यातून काढलेल्या मुलाचा खोकला किंवा धाप थांबत नसेल, तर ते शुद्धीवर असले तरी डॉक्टरांकडे न्यावे.

पाण्याची शुद्धता हा दुसरा प्रश्न. योग्य प्रमाणातील क्लोरिन बहुतेक जंतू काही मिनिटांत मारते. मात्र अतिसाराला कारणीभूत ठरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी क्लोरिनयुक्त पाण्यातही काही दिवस तग धरतो. त्यामुळे जुलाब होत असलेल्या मुलाला पाण्यात उतरविणे म्हणजे इतरांच्या मुलांना आजार वाटणे होय. तलावाला येणारा झोंबरा वास स्वच्छतेची खूण समजला जातो. वस्तुतः घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाल्याने तो निर्माण होतो. पाण्यात उतरण्यापूर्वी अंघोळ करण्याचा नियम त्याचसाठी आहे.

परतीचा प्रवास

दिवसभर ऊन, पाणी आणि धावपळ झाल्यावर शरीर थकते. पाण्यात असताना घाम जाणवत नाही, तहानही लक्षात येत नाही. अशा स्थितीत संध्याकाळी सर्व जण मागे झोपी जातात आणि चालक एकटा जागा राहतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात सुमारे २८ मीटर अंतर कापते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे शंभर मीटरहून अधिक अंतर डोळे मिटून जाणे.

म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने दुपारी सावलीत तासभर विश्रांती घ्यावी, पुरेसे पाणी प्यावे आणि उद्यान बंद होण्यापूर्वी निघावे. दर दोन तासांनी थांबावे. जांभया वाढल्या, मार्गिका सुटू लागली, तर खिडकी उघडणे किंवा मोठ्याने गाणी लावणे हा उपाय नाही. सुरक्षित जागी गाडी उभी करून वीस मिनिटे झोप घेणे हा आहे. शक्य असल्यास रात्रीचा मुक्काम करून सकाळी परतावे.

संकटप्रसंगी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपयोगी पडतात. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेनुसार रस्ते अपघातातील जखमींना पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोकडरहित मिळू शकतात.

तक्रार कोठे करावी?

'येथील अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही' असे तिकिटावर छापले म्हणून निष्काळजीपणाची जबाबदारी आपोआप टळत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. विशेष म्हणजे ही तक्रार उद्यानाच्या गावी जाऊन करावी लागत नाही. ग्राहक स्वतः राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडेही ती दाखल होते. त्यासाठी तिकीट, पावत्या, छायाचित्रे आणि वैद्यकीय कागद जपून ठेवावेत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुलांच्या आठवणीत अशा दिवसाची घसरगुंडी राहते, लाटा राहतात. मागच्या आसनावरचा पट्टा किंवा काठावर बसून कोणीतरी दिलेला पहारा त्यांच्या लक्षातही येत नाही. त्यामागची काळजी मोठ्यांनीच वाहायची असते.