तुमच्या फोनमधला कर्नल कुणी लिहिला?

दोस्तांनो, घरातला अँड्रॉइड फोन घ्या. (आधी आईबाबांना विचारा हं!) सेटिंग्जमध्ये फोनची माहिती असते, तिथे ‘कर्नल’ हा शब्द शोधा. सापडला? तो आहे लिनक्स कर्नल!

हा कर्नल करतो तरी काय? समजा, गाणं सुरू आहे, गेम रंगात आलाय आणि तेवढ्यात मेसेज टपकला. प्रोसेसरचा एक कोअर साधारणपणे एका क्षणी एकच काम करतो. म्हणून कर्नल पाळ्या लावतो. काही मिलिसेकंद गाण्याला, काही गेमला, काही मेसेजला! हे इतकं झटपट चालतं की, आपल्याला सगळं एकदमच चाललंय असं वाटतं. कुणाला किती मेमरी द्यायची, फाइल कुठे ठेवायची, तेही तोच बघतो. कॅमेरा, स्पीकर यांच्याकडून काम करून घ्यायला त्याच्या हाताशी ड्रायव्हर नावाचे प्रोग्राम असतात.

१९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी शिकत होता. त्याने हा कर्नल लिहायला घेतला आणि सुमारे १० हजार ओळींचा कोड सगळ्यांसाठी खुला केला. वाचा, वापरा, सुधारा! आज त्याच्या ३ कोटींहून जास्त ओळी आहेत आणि त्या देशोदेशीच्या हजारो लोकांनी लिहिल्या आहेत.

मग एवढ्या जणांचा गोंधळ कसा होत नाही? चूक सापडली की दुरुस्ती पाठवायची, तिला म्हणतात पॅच. काढलेल्या ओळीपुढे वजाचं चिन्ह, नव्या ओळीपुढे अधिकचं आणि पाठवणाऱ्याचं नाव. कर्नलच्या प्रत्येक भागाला सांभाळणारा मेंटेनर असतो. तो पॅच बारकाईने तपासतो, शंका विचारतो, पटलं नाही तर परत पाठवतो. पसंत पडलेले पॅच पुढे लिनसकडे जातात आणि दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते.

जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात. २०२१ मध्ये मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ हेलिकॉप्टरमध्येही लिनक्सच होतं!

आणि पॅच मोठाच हवा असं मुळीच नाही. माहितीपुस्तिकेतलं चुकलेलं स्पेलिंग सुधारणारा पॅचसुद्धा इथे स्वीकारतात, पाठवणाऱ्याच्या नावासकट. तेव्हा कोड वाचायला आत्तापासूनच शिका. दार सगळ्यांना उघडं आहे!