एका संगणकावर अनेक रूबी

एकाच संगणकावर रूबी या प्रोग्रामिंग भाषेच्या अनेक आवृत्त्या सुखाने नांदाव्यात म्हणून सॅम स्टीफन्सन यांनी 2011 साली ‘आरबीएन्व्ह’ या साधनात जी तजवीज केली, ती मला आजही अनुपम वाटते. ‘पाथ’च्या, म्हणजे आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीच्या, अग्रभागी ‘शिम’ नामक लहान स्क्रिप्टांचे एक फोल्डर असते. आपण ‘रूबी’ असा हुकूम सोडला की प्रथम शिम तो स्वीकारतो, आणि अन्यत्र आवृत्ती मुक्रर केलेली नसल्यास चालू फोल्डरपासून वर वर चढत ‘.रूबी-व्हर्जन’ ही चिमुकली फाइल धुंडाळून, तिच्यात नमूद असलेल्या आवृत्तीकडेच पुढील कारभार सोपवतो. ‘आरव्हीएम’ या रूबीच्याच दुसऱ्या आवृत्ती-व्यवस्थापकाप्रमाणे फोल्डर बदलण्याच्या ‘सीडी’ या मूलभूत आज्ञेत हस्तक्षेप न करण्याचा हा संयम, माझ्या मते, या रचनेचा सर्वश्रेष्ठ गुण होय. पायथॉनसाठीचे ‘पायएन्व्ह’ याच रचनेतून उद्भवले; ‘एएसडीएफ’ने तर प्लगइनांच्या साहाय्याने नोड, पायथॉन, एर्लांग अशा नाना भाषांचा बंदोबस्त ‘.टूल-व्हर्जन्स’ या एकाच फाइलीत केला.