मालगाडी रद्द होत नाही

२३ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री ११ वाजून २० मिनिटांनी वर्धा–बडनेरा मार्गावर मालखेड आणि टिमटाळा या दोन स्टेशनांच्या मधे कोळशाने भरलेल्या मालगाडीचे २० डबे घसरले. दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन होतं. अप आणि डाउन दोन्ही मार्ग बंद झाले आणि ऐन दिवाळीत घरी निघालेल्यांचे हाल झाले. कोणती एक्सप्रेस रद्द, कोणती नरखेडमार्गे वळवली, कोणती अर्ध्या वाटेवरून परत फिरवली, याच्या याद्या लागल्या. त्या याद्यांत मालगाडी एकही नव्हती, आणि असणारही नव्हती. मालगाडीला वेळापत्रक नाही, तिकीट काढून बसलेला प्रवासी नाही, म्हणून ती रद्द होत नाही. मागच्या कुठल्यातरी स्टेशनच्या लूप लाइनवर ती उभी राहते, आणि किती वेळ उभी राहिली हे आपल्यापैकी कुणी विचारत नाही.

पिपरी मेघे, बोरगाव मेघे, सिंदी मेघे, सावंगी मेघे ही वर्धा शहराला खेटलेली गावं. इथल्या माणसाला मालगाडीचं अप्रूप नाही. तरीही गेल्या दहा-बारा वर्षांत या मार्गाने काय काय सोसलं ते एका जागी मांडून पाहिलं, की एक गोष्ट डोळ्यांत भरते. रूळ तुटल्याचा, वाहून गेल्याचा, वाकल्याचा पहिला भुर्दंड मालाला पडतो, आणि तो सगळ्यांत शेवटी फिटतो.

आधी हा मार्ग इतका नाजूक का, ते पाहू. पालकवाडीच्या जागी वर्धा शहर वसलं ते १८६६ च्या सुमारास. १८६७ मध्ये ‘जीआयपी’ रेल्वेची गाडी नागपूरला पोचली ती इथूनच. तिला हवा होता वऱ्हाडचा आणि हिंगणघाटचा कापूस. पुढे वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वेगळा फाटा काढला. त्याचं नावच ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. १९२९ च्या सुमारास बल्लारशाह–काझीपेठ हा तुकडा जोडला गेला आणि दिल्ली–मद्रास हा सरळ रस्ता झाला. म्हणजे मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई या देशातल्या दोन मोठ्या वाटा वर्धा–सेवाग्रामच्या आसपास एकमेकींना भेटतात. बल्लारपूर, माजरी, वणी, घुग्घूसचा कोळसा, चंद्रपूर जिल्ह्यातलं सिमेंट, भूगावच्या पोलाद कारखान्याचा माल, खतं, धान्य, कंटेनर हे सगळं याच गाठीतून जातं. चारपैकी एक दिशा बंद झाली, की उरलेल्या तिन्ही तुंबतात.

आणि ही गाठ बसलीय काळ्या मातीवर. नवतप्यात भेगा पडणारी आणि झड लागली की फुगणारी ही माती कापसाला मानवते, रुळाला नाही. पाणी मुरलं की भरावाची ताकद जाते, खडी खाली दबते, चिखल वर येतो आणि रूळ एका बाजूला बसतो. प्रवासी डब्यापेक्षा भरलेली वाघीण कितीतरी जड, त्यामुळे अशा जागी धोका तिलाच जास्त. २०१३ च्या पावसाळ्यात वर्धा–नागपूर मार्गावर सिंदी (रेल्वे) आणि तुळजापूरच्या दरम्यान असंच झालं. अतिवृष्टीत रुळाखालचा भराव वाहून गेला आणि मुंबई–नागपूर वाहतूक कोलमडली. त्या पट्ट्यातले नाले एरवी कोरडे ठणठणीत असतात. एका रात्रीच्या पावसात ते रुळाच्या भरावाला धरण समजून तुंबतात आणि मोरीतून मावलं नाही, की भरावच फोडतात. जुन्या मोऱ्या ज्या काळात बांधल्या, तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि पाणी पसरायला जागा होती. आता रस्ते झाले, लेआउट पडले, नाल्यांची तोंडं वळली. दोष एकट्या पावसावर टाकणं मला तरी पटत नाही.

अशा रात्री गाडी वाचते ती पायी चालणाऱ्या माणसामुळे. पावसाळी गस्तीचा ट्रॅकमॅन रुळाच्या ठरलेल्या पट्ट्यात चालत असतो. हातात रंग बदलणारा कंदील, खांद्याला पिशवी, पिशवीत डिटोनेटर. रेल्वेच्या भाषेत पटाखे. सोबत गस्तीची वही. पट्ट्याच्या टोकाला पलीकडचा गस्तवाला भेटतो, दोघं वह्यांची अदलाबदल करतात आणि माघारी फिरतात. वही बदललेली दिसली की दोघंही शेवटपर्यंत चालले होते याचा तो पुरावा. आता जीपीएसचं यंत्रही दिलंय, पण वही सुटलेली नाही. पुलाच्या खांबावर रंगवलेल्या धोक्याच्या खुणेला पाणी टेकलं किंवा भराव खचलेला दिसला, की त्याने धावत सुटायचं. अडथळ्यापासून ६०० मीटरवर एक पटाखा रुळावर बांधायचा, आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन. गाडीचं चाक त्यावरून गेलं की बार होतो आणि लोको पायलट ब्रेक लावतो. भर पावसात, काळोखात, ओल्या खडीवरून सव्वा किलोमीटर पळणं म्हणजे काय, ते एकदा मनात आणून पाहावं. भरलेली मालगाडी ब्रेक लावल्यावरही लगेच थांबत नाही, म्हणून हे अंतर.

पावसाळा गेला की थंडीत रूळ आखडतो आणि पहाटेच्या गारठ्यात एखाद्या जोडाशी तडकतो. म्हणून सकाळी कीमॅन आपल्या हद्दीतला एकेक जोड, एकेक क्लिप पाहत निघतो. उन्हाळ्याचं उलटं. विदर्भात पारा ४५ च्या वर गेला, की उन्हात तापलेल्या रुळाचं तापमान हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढतं. सलग जोडलेल्या लांब रुळाला फुगायला जागा नसते. खडी कुठे कमी पडली, की तो बाजूला वळसा घेतो. मग उन्हाळी गस्त, वेगावर बंधन आणि कामगारांच्या डोक्यावर दुपारचं ऊन.

वेगावरच्या बंधनाबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण खरं नुकसान तिथे होतं. मार्ग ‘पूर्ववत’ झाला अशी बातमी येते तेव्हा त्या जागेवरून गाडी ताशी २० किलोमीटरच्या वेगाने जात असते. लोको पायलटच्या हातात कॉशन ऑर्डर असते. भराव दाबून बसेपर्यंत असे अनेक दिवस जातात. लांबच्या लांब भरलेली मालगाडी एवढी हळू करायची, अख्खी त्या पट्ट्यातून बाहेर काढायची आणि पुन्हा वेगात आणायची, यात मागच्या गाड्यांचा वेळ जातो. तुंबलेल्या एक्सप्रेस आधी सोडल्या जातात. मालगाडीच्या चालकांची ड्युटीची मर्यादा संपते, नवे चालक येईपर्यंत गाडी पुन्हा उभी. मार्ग दोन दिवस बंद राहिला, तर मालाची घडी बसायला आठवडा सहज लागतो.

याचा हिशेब लागतो तो भलतीकडेच. कोळशाची एक रेक म्हणजे ५८-५९ वाघिणी, साधारण चार हजार टन. नाशिकजवळचं एकलहऱ्याचं ६३० मेगावॅटचं केंद्र पूर्ण ताकदीने चालवायचं तर रोज दोन-तीन रेक लागतात. चंद्रपूरचं केंद्र खाणींच्या उशाशी आहे. भुसावळ आणि नाशिकची केंद्रं तशी नाहीत. विदर्भातल्या खाणींचा कोळसा तिकडे जायचा तो मुख्यतः वर्धा–बडनेरा वाटेनेच. त्यातून पावसाळ्यात उघड्या खाणींत पाणी भरतं, कोळसा ओला येतो, वाघिणीला चिकटून राहतो, उतरवायला वेळ लागतो. तीच गत खताची. पऱ्हाटीला युरियाची गरज जुलै-ऑगस्टमध्ये, आणि रूळ सर्वांत कच्चा तोही तेव्हाच. रेक चार दिवस उशिरा आली, की कृषी केंद्रापुढे रांग लागते आणि शिव्या दुकानदाराला बसतात. मालधक्क्यावर माल उतरवायला उशीर झाला तर तासाच्या हिशेबाने डॅमरेज भरावा लागतो. गाडीच वाटेत अडकली, तर उलट्या बाजूचा मीटर फिरत नाही.

एकदा मात्र उलटं झालं. एप्रिल २०२२ च्या अखेरीस देशभर उकाड्याने विजेची मागणी वाढली, केंद्रांमधला कोळसा तळाला गेला आणि रेल्वेने प्रवासी गाड्यांच्या शेकडो फेऱ्या रद्द करून कोळशाला वाट दिली. तेव्हा ओरड झाली ती प्रवाशांच्या बाजूने, आणि ती रास्तही होती. पण मालगाडी थांबली की काय होतं, हे त्या पंधरवड्यात सगळ्यांना कळलं होतं. लगेच विसरलंही गेलं.

दूरवरच्या संकटाची झळही वर्ध्याला लागते. ऑगस्ट २०१५ मध्ये हरद्याजवळ माचक नदीच्या पुराने रूळ उखडला आणि कामायनी व जनता एक्सप्रेस घसरल्या. इटारसी–भुसावळ मार्ग असा बंद पडला की जवळची आडवाट नागपूर–वर्धा हीच. जुलै २०२१ मध्ये कसारा घाटात दरडी कोसळल्या, रुळाखालचा भराव गेला. मुंबईकडचं तोंडच बंद झालं. १ सप्टेंबर २०२४ ला, पोळ्याच्या आदल्या दिवशी, तेलंगणात महबूबाबाद जिल्ह्यात केसमुद्रम–इंटिकन्नेच्या दरम्यान खडी आणि भराव वाहून जाऊन रूळ हवेत लोंबकळत राहिले. दिवस-रात्र काम करून चौथ्या दिवशी गाड्या हळूहळू सुटू लागल्या. नोव्हेंबरमध्ये, १२ तारखेच्या रात्री, रामगुंडमजवळ लोखंडी मालाच्या गाडीचे ११ डबे घसरले. तिथे तीन मार्ग होते. तिन्ही बंद पडले.

हे शेवटचं उदाहरण आपल्यासाठी महत्त्वाचं आहे. कारण वर्धा–नागपूरला तिसरी-चौथी लाइन आणि वर्धा–बल्लारशाहला तिसरी लाइन, हाच या कोंडीवरचा उपाय म्हणून सांगितला जातो. गर्दीवर तो उपाय आहेच. मालगाडी एक्सप्रेसला बाजू देत दिवसभर खोळंबणार नाही. पण त्याच नाल्यावर, त्याच काळ्या मातीवर, एकमेकींना खेटून टाकलेल्या चार लाइन पूर आला की एकदमच जातात. नोव्हेंबर २०२१ मध्ये कॅनडात हेच दिसलं. फ्रेझर नदीच्या दरीत दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे रूळ समोरासमोरच्या काठांनी जातात. अतिवृष्टीत दोन्ही तुटले आणि व्हँकुव्हर बंदराचा रेल्वेने देशाशी असलेला संबंध काही दिवस संपला. धान्य, कोळसा, कंटेनर, सगळं जागच्या जागी. दोन मार्ग होते, पण दरी एकच होती.

म्हणून मालखेडच्या त्या रात्री आपल्याला तारून नेणारी गोष्ट कोणती होती, तर बडनेरा–नरखेड हा १३८ किलोमीटरचा, त्याच्या दहा-एक वर्षं आधीच सुरू झालेला आणि एरवी फारसा कुणाच्या लक्षात नसलेला मार्ग. तो वेगळ्या मुलखातून जातो, हाच त्याचा गुण. अशी दुसरी वाट म्हणजे वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग. २८ फेब्रुवारी २०२४ ला वर्ध्याहून देवळीमार्गे कळंबपर्यंत गाडी सुरू झाली. त्याची चर्चा होते ती यवतमाळच्या प्रवाशांची सोय म्हणून. तो पुरा झाला, तर काझीपेठकडे न जाता दक्षिणेत उतरायला वर्ध्याला स्वतःची वाट मिळेल. मात्र तो एकेरी आहे. त्यावर मालगाड्यांना एकमेकींना बाजू द्यायला पुरेशा लांबीच्या लूप लाइन किती स्टेशनांवर असणार, हा प्रश्न लोकप्रतिनिधींना आजवर किती जणांनी विचारला असेल, याबद्दल मला शंका आहे. थांबा कुठे मिळणार, हे मात्र सगळे विचारतात.