अब्बांनी मस्जिदीत जाणे का सोडले?

ऑपरेशन चांगले झाले होते. कर्करोग प्रोस्टेट ग्रंथीच्या बाहेर पसरलेला नव्हता, डॉक्टर समाधानी होते, आणि अब्बा संभाजीनगरहून बुलढाण्याला परतले तेव्हा मोहल्ल्यातले लोक दोन-तीन दिवस भेटायला येत राहिले. लघवीची नळी बाराव्या दिवशी निघाली. त्यानंतर अब्बांनी मस्जिदीत जाणे बंद केले.

सुरुवातीला आम्ही समजलो, अशक्तपणा असेल. नोव्हेंबर संपत आला होता, आणि बुलढाण्याची पहाटेची थंडी वाचकांना ठाऊकच आहे. पण जोहरलाही ते जाईनात. जुम्माही घरीच गेला. चुलत बहिणीच्या निकाहला चिखलीला जायचे होते, तर "तुम्ही जाऊन या, माझी कंबर दुखते" म्हणाले. अब्बा एसटीत चौतीस वर्षे चालक होते. राजूरचा घाट त्यांनी पावसाळ्यात, धुक्यात, तापातही चढवला-उतरवला. त्यांना कंबरदुखी अडवील, हे काही पटेना.

शेवटी अम्मीने तोंड उघडले. "तुमचे अब्बा रात्री उठून स्वतःची लुंगी स्वतः धुतात. मला हातही लावू देत नाहीत."

आम्ही पेशाने शिक्षक. रोज पन्नास मुलांसमोर बोलतो. पण बापाला हे कसे विचारावे, हे सुचायला आम्हाला चार दिवस लागले. विचारले तेव्हा अब्बा गच्चीवर उन्हात बसले होते. बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ड्रायव्हर माणूस मी. स्टँड येईपर्यंत धरून ठेवायची, हीच सवय जन्मभराची. आता खोकलो तरी कपडे खराब होतात. ब्रेकच लागत नाही. असे नापाक कपडे घेऊन अल्लाहच्या घरात कुठे जाऊ?"

रुग्णालयाच्या कागदावर याबद्दल एक ओळ होती. लघवीवर काही काळ ताबा राहणार नाही, व्यायाम करावा. कोणता व्यायाम, किती दिवस, तोवर काय करायचे, हे आम्हाला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. दोष दोन्हीकडचा. पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा आम्ही वहीत प्रश्न लिहूनच नेले.

झाले होते ते असे. प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाखाली असते आणि लघवीची वाट तिच्या मधून जाते. तिथे लघवी अडवणाऱ्या दोन झडपा असतात. आतली आपोआप बंद राहते, बाहेरची आपल्या इच्छेने. ग्रंथी काढताना आतल्या झडपेचे काम बहुतेक संपते आणि सगळा भार बाहेरच्या स्नायूवर येतो. अब्बांना आम्ही त्यांच्याच भाषेत सांगितले, की तुमचा हँडब्रेक काढून टाकला आहे, आता पायाचाच ब्रेक आहे आणि तो कमजोर आहे. हे त्यांना लगेच समजले. म्हणूनच खोकताना, उठताना, ओझे उचलताना गळते, आणि स्नायू दिवसभर थकल्यावर संध्याकाळी जास्त गळते. आडवे झाल्यावर बरेच कमी होते.

बहुतेक पुरुषांचा ताबा तीन ते सहा महिन्यांत बराच परत येतो, काहींना वर्ष लागते. हे पहिल्याच दिवशी कळले असते तर अब्बांचे ते पाच आठवडे वाचले असते.

व्यायाम सोपा आहे, पण चुकीचा करायलाही तितकाच सोपा. लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखून धरायचे आहेत असे समजून खालचे स्नायू आत-वर ओढायचे. पोट, मांड्या, कुल्ले आवळायचे नाहीत, श्वास कोंडायचा नाही. पाच सेकंद धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. आधी पडून, मग बसून, मग उभ्याने. सैल सोडणे हाही व्यायामाचाच भाग आहे. अब्बा पहिल्या आठवड्यात दिवसभर आवळूनच बसत, त्यामुळे स्नायू थकून गळती उलट वाढली. नळी असताना हा व्यायाम करायचा नसतो, आणि लघवी करता करता धार अडवण्याची सवयही लावायची नाही. हा व्यायाम जगाला माहीत झाला तो आर्नोल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरांमुळे. १९४८ साली त्यांनी तो बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी सांगितला होता. अम्मीला हे ऐकून हसू आले. म्हणाली, "मग आम्हाला का नाही कोणी सांगितला?" प्रश्न खराच आहे, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

सगळ्यात उपयोगी ठरली ती एक छोटी युक्ती. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी क्षणभर आवळायचे, मग उठायचे. नमाजमध्ये सजद्यातून उभे राहताना पोटावर ताण येतो आणि अब्बांचे नेमके तिथेच गळत असे. त्या वेळी आवळून उठायची सवय त्यांनी लावली. सुरुवातीचे काही दिवस खुर्चीवर बसून नमाज अदा केली.

पाण्याबाबत अब्बांनी मोठी चूक केली होती. गळती नको म्हणून त्यांनी पाणीच तोडले होते. त्याने लघवी गडद होते, जळजळ वाढते, संसर्गाची भीती असते, शौचाला कडक होऊन जोर लावावा लागतो. दिवसा पाणी नेहमीसारखे प्यायचे, झोपण्याआधी दोन तास कमी करायचे. चहा मात्र सहा कपांवरून दोनवर आणला. हे त्यांना कर्करोगापेक्षा कठीण गेले, असे ते स्वतःच सांगतात. ताप आला, लघवी अडली किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पॅडचे दुकानात मागणे हा आणखी एक डोंगर. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा दुकानदाराने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळले आणि हळूच विचारले, "कोणासाठी?" सुरुवातीला मोठ्यांचे डायपर लागले, नंतर पॅड, नंतर घरी सुती कापडाच्या घड्या. दर वेळी धुऊन, कोरडे करून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात लावला की कातडी सोलत नाही. ओल्या पॅडच्या वजनातून कोऱ्याचे वजन वजा केले की किती गळले ते कळते, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. त्यासाठी वेगळा छोटा काटा आणावा लागला, कारण स्वयंपाकघरातला काटा अम्मीने दिला नाही! अब्बा रोजचा आकडा वहीत लिहू लागले, लॉगशीट भरावी तसा. आकडा उतरू लागला तसा त्यांचा चेहरा बदलला.

पण कपड्यांचा आणि पाकीचा प्रश्न काट्याने सुटणारा नव्हता. आम्ही मोहल्ल्यातल्या मौलाना साहेबांना घरी बोलावले आणि खोलीतून बाहेर पडलो. त्यांनी जे सांगितले ते अब्बांनी नंतर आम्हाला सांगितले. हजरत फातिमा बिन्त अबी हुबैश (रजि.) यांचे रक्त थांबत नव्हते. त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले तेव्हा नमाज सोडायला सांगितले गेले नाही, दर नमाजसाठी वुजू करायला सांगितले गेले. याच आधारे फिकहमध्ये माजूरचे मसले आहेत. हनफी मसलकाप्रमाणे, एका नमाजच्या पूर्ण वेळेत वुजू करून फर्ज अदा करण्याइतकीही सवड गळतीने दिली नाही, तर माणूस माजूर ठरतो. मग नमाजची वेळ झाली की एक वुजू करायचा. ती वेळ संपेपर्यंत त्या गळतीने वुजू तुटत नाही. शाफई मसलकात दर फर्जसाठी वेगळा वुजू आहे, कोकणातल्या वाचकांनी ते ध्यानात घ्यावे. मस्जिद खराब होण्याची भीती नसेल इतका बंदोबस्त असेल तर मस्जिदीत जायला हरकत नाही. गळतीने रोजाही तुटत नाही. मात्र माजूर माणूस निरोगी लोकांची इमामत करू शकत नाही. घरच्या जमाअतीत नेहमी अब्बाच पुढे उभे राहत, ते त्यांनी तेव्हा आमच्यावर सोपवले. प्रत्येकाची हालत वेगळी असते, म्हणून मसला आपल्या आलिमांना विचारूनच ठरवावा. विचारायची लाज वाटू देऊ नये, हे मात्र आम्ही अनुभवाने सांगतो.

लपवणे काही आपल्याच समाजात नाही. अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचे हेच ऑपरेशन २२ डिसेंबर २०२३ रोजी झाले. १ जानेवारीला मूत्रमार्गाच्या संसर्गाने ते पुन्हा रुग्णालयात गेले, आणि त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनाही काही दिवस पत्ता नव्हता. १ फेब्रुवारी २०२४ रोजी पत्रकारांसमोर त्यांनी आपले चुकले हे कबूल केले. दुसरीकडे ब्रिटनमध्ये पुरुषांच्या स्वच्छतागृहात पॅड टाकायला डबा हवा म्हणून मोहीम चालते, जपानमध्ये काही ठिकाणी असे डबे ठेवलेही आहेत. अब्बा पहिल्यांदा बसने अकोल्याला गेले तेव्हा वापरलेले पॅड पिशवीत घालून संध्याकाळी घरी घेऊन आले. स्टँडवर टाकायला जागाच नव्हती.

वर्ष उलटूनही गळती थांबली नाही तर उपाय संपत नाहीत. आधार देणारी पट्टी बसवता येते, कृत्रिम झडपही बसवता येते. अशी झडप अमेरिकेत १९७२ पासून बसवली जात आहे. अब्बांवर ती वेळ आली नाही.

फेब्रुवारीत एका सकाळी फजरची पूर्ण वेळ कोरडी गेली. आधी त्यांनाच खरे वाटेना. सवलत आता राहिली की संपली, हे विचारायला ते त्याच दिवशी स्वतः मौलाना साहेबांकडे चालत गेले. रमजानमध्ये तरावीहला दुसऱ्या सफमध्ये, खांबाजवळ उभे राहिले. आजही जोरात हसले किंवा लांबचा प्रवास झाला की थेंबभर होते, म्हणून सदरीच्या आतल्या खिशात एक पॅड असते. परवा कुणीतरी ते पाहून विचारले, तर अब्बा म्हणाले, "स्टेपनी आहे."